पहिला डीएसएलआर हातात आला, आता पुढे? नवशिक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा कॅमेरा गळ्यात अडकवलेल्या मंडळींबरोबर मी बऱ्याच रविवारी सकाळी फोटो काढत हिंडतो. माणसं बदलतात, प्रश्न मात्र फारसे बदलत नाहीत. ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं बहुतेक ठिकाणी कॅनन १५००डी आणि निकॉन डी३५०० यांची आहेत, कारण आपल्याकडे पहिला कॅमेरा म्हणून हे दोनच जास्त दिसतात. तुमचं मॉडेल वेगळं असलं तरी बटणांची जागा तेवढी बदलेल.

सगळे मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले कॅमेरे, घेताहेत. मग डीएसएलआर शिकण्यात अर्थ आहे का?

आहे, आणि पहिलं कारण पैशाचं. कॅनन आणि निकॉन या दोघांचेही शेवटचे नवे डीएसएलआर २०२० मध्ये आले. त्यानंतर दोघांचं लक्ष मिररलेसकडे वळलं आणि अनेकांनी आपले उत्तम चालणारे डीएसएलआर लेन्सांसकट विकायला काढले. शिकणाऱ्यासाठी ही चांगली वेळ आहे. ॲपर्चर, शटर, फोकस आणि प्रकाश यांचा हिशेब दोन्हीकडे एकच, त्यामुळे इथे शिकलेलं काही वाया जात नाही. पुढे कॅननचा मिररलेस घेतलात तर आजच्या ईएफ आणि ईएफ-एस, म्हणजे कॅननच्या डीएसएलआरच्या, लेन्स अडॅप्टर लावून ऑटोफोकससकट चालतात.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीत, आरशावरून आलेला खरा प्रकाश दिसतो. फोटो उजळ येणार की काळपट, हे तिथे आधी दिसत नाही, अंदाज बांधावा लागतो. हा अंदाज बांधता बांधताच डोळा तयार होतो.

मात्र तुम्हाला मुख्यतः व्हिडिओच करायचे असतील, तर सरळ मिररलेस घ्या.

जुना कॅमेरा घेताना काय बघायचं?

लेन्स काढून तिच्यातून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड आरपार टाका आणि तिरकं बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. अशी लेन्स घेऊ नका, कितीही स्वस्त असो. बारीक धुळीचे चारदोन कण मात्र चालतात.

मग एफ/१६ वर, म्हणजे लेन्सचं भोक बारीक करून (हे आकडे पुढे समजावले आहेत), पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा मुद्दाम फोकसबाहेर एक फोटो काढा. त्यात काळपट ठिपके दिसले तर सेन्सरवर, म्हणजे आतल्या फोटो टिपणाऱ्या भागावर, धूळ आहे, ती साफ होते. ओरखडा असेल तर नाद सोडा. शटर किती वेळा उडालंय हेही विचारा. डी३५००चं शटर एक लाख वेळांसाठी तपासलेलं आहे. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्ये हा आकडा नोंदलेला असतो आणि मोफत साधनांनी वाचता येतो. कॅननच्या साध्या मॉडेलांच्या फाइलमध्ये तो सहसा मिळत नाही, तिथे कॅमेऱ्याची अवस्था आणि विकणाऱ्याचा भरवसा यावरच जावं लागतं. मूळ बिल मागा.

पहिल्या दिवशी काय करू?

पट्टा लावा आणि गळ्यात घाला. मग व्ह्यूफाइंडरशेजारचं छोटं चाक शोधा. ते डोळ्याच्या नंबरासाठी असतं. समोरच्या दृश्याकडे न बघता व्ह्यूफाइंडरच्या आतले आकडे आणि फोकसचे ठिपके बघा, आणि ते स्पष्ट दिसेपर्यंत चाक फिरवा. कॅमेरा बिघडलाय, सगळं धूसर दिसतं, अशी तक्रार घेऊन आलेल्या किती जणांचा प्रश्न या एका चाकाने सुटला आहे.

तारीख-वेळ बरोबर करा. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. बस, एवढंच. मेनूतली बाकीची शंभर सेटिंग पुढच्या महिन्यात बघितली तरी चालतील.

माझ्या मोबाइलचे फोटो यापेक्षा चांगले येतात. कॅमेरा घेऊन चूक केली का?

चूक नाही. हा धक्का जवळपास प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात बसतो आणि तिथेच अनेक कॅमेरे कपाटात जातात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

मोबाइलचं बटण दाबलं की तो बऱ्याचदा एकापाठोपाठ अनेक फोटो घेतो, त्यांची बेरीज करतो, आकाश गडद करतो, चेहरा उजळतो, रंग चढवतो आणि मग तुम्हाला दाखवतो. तुमच्या वतीने त्याने निर्णय घेतलेले असतात. डीएसएलआर एक फोटो घेतो आणि समोर ठेवतो. निर्णय तुम्ही घ्यायचे असतात आणि पहिल्या आठवड्यात ते घेता येत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

तुमच्या हातात सेन्सर आहे तो १५००डीमध्ये २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा, म्हणजे छोट्या टपाल तिकिटाएवढा. मोबाइलचा त्याच्या कितीतरी लहान असतो. मोठ्या सेन्सरवर जास्त प्रकाश पडतो. त्यामुळे संध्याकाळच्या उजेडातल्या चेहऱ्याची त्वचा, केसांची एकेक बट, मागची खरीखुरी धूसरता हे सगळं तिथे मिळतं. फक्त ते मागून घ्यावं लागतं. ते कसं मागायचं, हेच खालच्या उत्तरांमध्ये आहे.

ॲपर्चर, शटर, आयएसओ ही भानगड एकदा नीट सांगाल का?

कॅमेऱ्यात शिरणाऱ्या उजेडावर तुमचे दोन ताबे असतात. लेन्समधलं भोक किती मोठं ठेवायचं, हे ॲपर्चर. ते भोक आणि सेन्सर यांच्यामधलं शटर किती वेळ उघडं ठेवायचं, हा शटर स्पीड.

ॲपर्चरचे आकडे उलटे वाटतात, कारण ते भागाकाराचे आहेत. ५० मिलिमीटरची लेन्स एफ/२ वर असेल तर भोक ५० भागिले २, म्हणजे २५ मिलिमीटरचं. एफ/१० वर तेच ५ मिलिमीटर. आकडा मोठा, भोक लहान. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ या रांगेत एकेक पायरी पुढे गेलं की प्रकाश निम्मा होतो. रांग पाठ करा, फार उपयोगी पडते. भोक मोठं असेल तर समोरच्या माणसापुरताच भाग स्पष्ट येतो आणि मागचं विरघळतं. भोक लहान असेल तर पायाशी असलेल्या दगडापासून लांबच्या डोंगरापर्यंत सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं.

शटरचं सोपं आहे. १/१००० सेकंदात धबधब्याचा थेंब थेंब गोठतो, अर्ध्या सेकंदात तेच पाणी दुधासारखं वाहताना दिसतं. मात्र अर्ध्या सेकंदासाठी कॅमेरा ट्रायपॉडवर हवा.

आयएसओ हा या दोघांसारखा नाही. तो आत येणारा प्रकाश वाढवत नाही. कीर्तनकारांचा आवाज लहान आहे म्हणून लाउडस्पीकरचा आवाज वाढवावा, तसं ते आहे. आवाज मोठा होतो, पण सोबतची खरखरही मोठी होते. फोटोतली खरखर म्हणजे ते रंगीत बारीक दाणे. १५००डी किंवा डी३५०० वर १६०० पर्यंत बिनधास्त जा. ३२०० चालतं. ६४०० वेळ पडली तर. दाणेदार फोटो पुढे थोडाफार सुधारता येतो, हललेला फोटो मात्र सुधारत नाही.

खरा फोटोग्राफर एम मोडवरच, म्हणजे सगळे आकडे स्वतः ठरवून, काढतो म्हणतात. मीही तिथूनच सुरुवात करू का?

नको. हे माझं ठाम मत आहे. पहिल्या दिवसापासून एम लावलेला माणूस समोरचं बघतच नाही, तो आकडे जुळवत राहतो. तोवर आजी हसून झालेली असते.

डायल एव्हीवर ठेवा, निकॉन असेल तर ए वर. ॲपर्चर तुम्ही निवडायचं, शटर कॅमेरा निवडेल. आयएसओ ऑटोवर ठेवून कमाल मर्यादा ३२०० किंवा ६४०० करा. मग फोटो काढताना व्ह्यूफाइंडरच्या खालच्या ओळीतला शटरचा आकडा बघायची सवय लावा. तो फार हळू होत असेल तर ॲपर्चर उघडा किंवा आयएसओ वाढवा. दोन-तीन महिन्यांत हे अंगवळणी पडतं. कित्येक वर्षं फोटो काढणारी मंडळीही दिवसातला बराच वेळ याच मोडवर असतात.

एम लागतो तो प्रकाश ठरलेला असतो तेव्हा: ट्रायपॉडवरून रात्रीचं आकाश, नाटकाचा रंगमंच, फटाक्यांची आतषबाजी. त्या वेळी १५००डीवर एक अडचण येते. चाक एकच असल्यामुळे ते फिरवलं की शटर बदलतं. ॲपर्चर बदलायला अधिक-उणे खुणेचं बटण दाबून धरायचं आणि मग चाक फिरवायचं. डी३५०० वरही तसंच.

घरातले फोटो हललेले का येतात?

कारण घरात आपल्याला वाटतो त्याच्या मानाने फारच कमी उजेड असतो. डोळा सांभाळून घेतो, कॅमेरा घेत नाही. बाहेर उन्हात १/१००० वर असलेलं शटर दिवाणखान्यात १/१५ वर उतरतं.

हललेले फोटो दोन प्रकारचे असतात, ते आधी ओळखा. सगळंच हललेलं असेल तर तुमचा हात हलला. भिंत, टेबल स्पष्ट आणि फक्त मूल हललेलं असेल तर मूल हललं. हातासाठी जुना हिशेब आहे: लेन्स जितक्या मिलिमीटरवर असेल त्याच्या दीडपट आकडा शटरला हवा. ५५ वर असाल तर साधारण १/९० किंवा १/१००. किट लेन्समधली, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर आलेल्या लेन्समधली, स्थिरता राखणारी सोय चालू असेल तर त्याहून हळू शटरही हातात पेलतं. पण ती सोय तुमचा हात सांभाळते, समोरचं मूल नाही. त्यासाठी १/२५० तरी हवं, धावतंय तर १/५००.

एवढं शटर ट्यूबलाइटच्या उजेडात मिळणार कसं? आयएसओ वाढवून, भोक पूर्ण उघडून, आणि शक्य असेल तर मुलाला खिडकीपाशी नेऊन. तिसरा उपाय पहिल्या दोघांपेक्षा चांगला.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे जुन्या पट्टीच्या ट्यूबा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही. पण शटर १/१०० पेक्षा वेगवान केलं की एक फोटो उजळ, पुढचा पिवळट, तिसऱ्यावर आडवा काळसर पट्टा असं होतं. गणपतीच्या मांडवातल्या काही एलईडी माळांचंही हेच. अशा ठिकाणी माणसं स्थिर असतील तर १/५० किंवा १/१०० वर या.

पांढरं सगळं मळकट येतं आणि काळं राखाडी. कॅमेरा बिघडलाय का?

हा प्रश्न कुणी विचारला की मला आनंद होतो, कारण विचारणारा बघायला लागलाय.

कॅमेऱ्याला समोर काय आहे ते माहीत नसतं. त्याच्या प्रकाशमापकाची समजूत अशी, की जगात सरासरी सगळं मध्यम राखाडी आहे. तो प्रत्येक दृश्य तिथे आणून ठेवायला बघतो. आषाढी वारीत दिवे घाटात पालखीबरोबर उभे राहा. समोर पांढरे सदरे, धोतरं, टोप्या. कॅमेरा म्हणतो, फार उजळ झालं, आणि फोटो काळवंडतो. धुवट पांढरं कापड मळकट दिसतं आणि चेहरे तर काळेच होतात. याच्या उलट, आपल्या एखाद्या हेमाडपंती देवळात जा. काळ्या पाषाणाची भिंत चौकटभर. कॅमेरा म्हणतो, अंधार आहे, आणि उजळवतो. दगडाचा तो ओलसर, गार काळेपणा जातो आणि सिमेंटची भिंत उरते.

उपाय एका बटणाचा आहे. अधिक-उणे खूण असलेलं बटण दाबून चाक फिरवा. पांढरं जास्त असेल तर अधिक १, काळं जास्त असेल तर उणे १. म्हणजे मनाला पटायला उलटं वाटतं: जिथे आधीच उजळ आहे तिथे आणखी उजळ करायचं. पण तसंच आहे. खिडकीसमोर पाठ करून बसलेल्या माणसाचा चेहरा काळा येतो, तिथेही अधिक १ किंवा दीड द्या आणि बाहेरचं आकाश पांढरंफटक होऊ द्या. चेहरा महत्त्वाचा.

काढलेला फोटो बघताना हिस्टोग्राम नावाचा डोंगरासारखा आलेख दाखवायला सांगा. उन्हात मागचा पडदा फसवतो, आलेख फसवत नाही. डोंगर उजव्या कडेला धडकून उंच उभा असेल तर तिथला पांढरा भाग जळाला, त्यात परत काही सापडणार नाही. आणि काम झालं की ते बटण शून्यावर आणा. मी कितीही वेळा सांगितलं तरी अर्धे लोक हे विसरतात आणि पुढचे सगळे फोटो वाया जातात.

फोकस नेहमी भलतीकडेच होतो.

कारण फोकसचा ठिपका कॅमेरा निवडतोय, आणि तो सहसा सर्वांत जवळची वस्तू पकडतो. ती निवड स्वतःकडे घ्या. एकच ठिपका, मधला. १५००डीच्या नऊ ठिपक्यांमध्ये मधलाच सर्वांत भरवशाचा आहे, कारण तो आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा ओळखतो. तो डोळ्यावर ठेवा, बटण अर्धं दाबा, बीप ऐकू आला की तसंच धरून चौकट हवी तशी हलवा आणि पूर्ण दाबा.

हलणाऱ्या गोष्टींसाठी हे चालत नाही. सायकलवरून येणारी मुलगी, शंकरपटातले बैल, उडता बगळा यांच्यासाठी फोकस सतत चालू राहील असा प्रकार निवडायचा. कॅननमध्ये त्याला एआय सर्व्हो म्हणतात, निकॉनमध्ये एएफ-सी.

मागचं सगळं धूसर करायचं आहे. त्यासाठी नवी लेन्स लागेल ना?

आधी आहे तीच वापरून बघा. लेन्स ५५ वर न्या, एफ/५.६ ठेवा, माणसाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जा, आणि माणसाला भिंतीला टेकवून उभं करू नका. त्याच्यामागे वीस-तीस फूट मोकळी जागा हवी. लोक लेन्स बदलतात, पण माणसाला भिंतीपासून चार पावलं पुढे बोलवत नाहीत.

एवढं करूनही समाधान झालं नाही तर ५० मिलिमीटर एफ/१.८ घ्या. कॅननची एसटीएम नावाची ही लेन्स २०१५ साली आली, लहानशी आहे आणि किमतीच्या मानाने फार गुणी. किट लेन्सच्या ५५ च्या टोकाच्या तुलनेत ती नऊ-दहापट प्रकाश आत घेते. घरातल्या त्या हललेल्या फोटोंवरही तोच इलाज. निकॉनवाल्यांनी एक सांभाळा: डी३५००च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. त्यामुळे ‘डी’ प्रकारच्या जुन्या लेन्स बसतात, पण ऑटोफोकस होत नाही. लेन्सच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी आहे का ते बघूनच पैसे द्या. डीएक्सची, म्हणजे तुमच्या आकाराच्या सेन्सरसाठी केलेली, ३५ मिलिमीटर एफ/१.८ तुमच्यासाठी जास्त सोयीची.

पक्ष्यांसाठी कोणती लेन्स?

५५-२५० किंवा ७०-३००. हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर पहाटे होडीतून गेलात तर रोहित पक्ष्यांचे थवे यात चांगले मावतात. एकट्या पक्ष्याच्या डोळ्यापर्यंत जायचं तर मोठा खर्च आहे. तो पहिल्या वर्षी करू नका. होडीवाल्याला पक्ष्यांच्या फार जवळ घ्यायला सांगू नका, थवा उगाच उडतो आणि त्याची चरण्याची वेळ जाते.

रॉमध्ये काढू की जेपेगमध्ये?

पहिले काही आठवडे दोन्ही एकदम. कॅमेऱ्यात तशी सोय असते. जेपेग लगेच पाठवायला आणि रॉ, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल, पुढे हात बसल्यावर रंग-उजेड सुधारायला. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल २०-३० एमबीची होते, तेव्हा ६४ जीबीचं कार्ड घ्या. रॉ उघडायला कॅनन आणि निकॉन या दोघांचीही स्वतःची सॉफ्टवेअर मोफत मिळतात. चोरीचं सॉफ्टवेअर शोधत बसायची गरज नाही.

चुलतभावाचं लग्न आहे, फोटो तूच काढ म्हणतात. काढू का?

काढा, पण एकटे नको. मुख्य फोटोग्राफर दुसरा असू द्या.

माझ्या मामेबहिणीच्या लग्नात मी होकार दिला होता. कॅमेरा घेऊन तीन महिने झाले होते. कार्यालयात उजेड पिवळा आणि कमी. खरखर नको म्हणून मी आयएसओ ४०० च्या वर जाऊ दिला नाही आणि शटर १/३० वर बसलं. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, तिने मान वर करून बघितलं. ते सगळे फोटो हललेले आहेत. एकही धड नाही. तिने मला कधी बोल लावला नाही, पण तो क्षण तिच्याकडे नाही आणि तो माझ्या हातून गेला, हे मला आजही लागतं. १६०० किंवा ३२०० वर दाणेदार का होईना, पण फोटो मिळाला असता.

तेव्हा तुम्ही हळदीचे, मेंदीचे, अंगणात दळत बसलेल्या आत्याचे, जेवणाच्या पंक्तीचे फोटो काढा. ठरलेल्या फोटोग्राफरला तिथे वेळ नसतो, आणि वीस वर्षांनी घरातली माणसं तेच फोटो आधी शोधतात.

पावसाळ्यात कॅमेरा कसा सांभाळायचा?

कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत राहत असाल तर हे उत्तर दोनदा वाचा.

बुरशीला तीन गोष्टी लागतात: दमट हवा, अंधार आणि न हलवलेली वस्तू. कपाटातली कॅमेऱ्याची बॅग म्हणजे तिन्ही. आमच्या गावच्या घरी जूनमध्ये मी एक लेन्स बॅगेत ठेवली आणि गणपतीला बाहेर काढली. आतल्या काचेवर जाळं पसरलं होतं. उघडून साफ करून घेतली, पण बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला होता आणि उन्हाकडे धरलं की ती लेन्स आजही धुकट दिसते.

बॅग फक्त प्रवासासाठी. घरी आल्यावर कॅमेरा घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ठेवा. सोबत सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या आणि शंभर-दोनशे रुपयांपासून मिळणारा छोटा आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहिला पाहिजे, ६० च्या वर सतत राहू देऊ नका. निळं सिलिका जेल ओल शोषून गुलाबी झालं की कढईत मंद आचेवर परत निळं होईपर्यंत गरम करा. त्या कढईत पुन्हा काही शिजवू नका आणि खिडकी उघडी ठेवा. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवायचा सल्ला ऐकू नका, तांदळाची पूड फटींमध्ये जाते. डांबरगोळ्याही नकोत.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा कॅमेरा वापरा. हवा आणि उजेड लागलेल्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

एसी गाडीतून उतरून घाटातल्या दमट हवेत गेलात की काचेवर लगेच दव धरतं. बॅग बंद ठेवून अर्धा तास थांबा, कॅमेऱ्याला बाहेरच्या तापमानाला येऊ द्या.

लेन्स बदलताना आत धूळ जाते. काय करू?

कॅमेरा बंद करा, तोंड खाली धरा, दुसरी लेन्स आधीच तयार ठेवा आणि पटकन बदला. विसर्जनाच्या मिरवणुकीत लेन्स बदलूच नका. गुलाल पिठाहून बारीक असतो आणि आत गेला की चिकटतो. आत फुंकर मारायची नाही, थुंकीचे कण उडतात. रबरी ब्लोअर वापरा.

कोणत्या वेळी फोटो चांगले येतात?

सूर्य उगवल्यानंतरचा आणि मावळण्याआधीचा तासभर, हे सगळे सांगतात आणि ते खरं आहे. पण तेवढ्यावर थांबू नका. भर दुपारी डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, म्हणून माणसाला ओसरीवर घ्या. ओसरीच्या कडेला, छपराच्या सावलीत पण तोंड अंगणाकडे. अंगणातलं ऊन परतून चेहऱ्यावर मऊ पडतं. असा उजेड स्टुडिओत विकत घ्यावा लागतो, आपल्या घरात तो फुकट आहे. पावसाळी ढगाळ दिवसही चेहऱ्यांसाठी फार चांगले, सगळं आकाशच दिव्याचं काम करतं.

एक गृहपाठ मी सगळ्यांना देतो. घरातली एकच वस्तू निवडा: तुळशीवृंदावन, पाण्याचा हंडा, आजोबांची खुर्ची. ती हलवायची नाही. सकाळी सात, दहा, दुपारी एक, चार आणि दिवेलागणीला तिचा एकेक फोटो काढा. पाचही फोटो शेजारी ठेवा. ज्या दिवशी तुम्हाला हंड्याऐवजी त्याच्यावरचा उजेड दिसायला लागेल, त्या दिवसापासून कॅमेरा कोणता आहे याने फारसा फरक पडत नाही.

अनोळखी माणसांचे फोटो काढावेत का?

विचारून. शब्दांनीच विचारायला हवं असं नाही, कॅमेरा थोडा वर करून नजरेने विचारलं तरी कळतं. नको म्हटलं तर कॅमेरा खाली. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांना विचारल्याशिवाय नाही. काढल्यावर पडद्यावर दाखवा. फोटो पाठवतो म्हणालात तर पाठवा. वारीत भेटलेल्या माणसांना असं खूप जण सांगतात आणि विसरतात.

प्रिंट काढायची तर कोणत्या मापाची?

२४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० ठिपक्यांचा असतो. चांगल्या दर्जाचा प्रिंट २० बाय १३ इंचांपर्यंत आरामात निघतो, तेव्हा मापाची चिंता नको. आकाराची करा. कॅमेऱ्याची चौकट ३ बाय २ या प्रमाणात आहे. ४ बाय ६ किंवा १२ बाय १८ इंचांत फोटो जसाच्या तसा बसतो. ५ बाय ७ मध्ये थोडा आणि ८ बाय १० मध्ये बराच कडेचा भाग कापला जातो. गटाचा फोटो असेल तर टोकाला उभा असलेला काका तिथेच जातो. म्हणून काढतानाच चारी बाजूंना थोडी जागा सोडा आणि लॅबला देण्याआधी स्वतः कापून द्या. फाइल जेपेग, रंगांची सेटिंग एसआरजीबी. महिन्याला दहा प्रिंट काढा, ४ बाय ६ चे, आणि फ्रिजवर लावा.